करंगळीचा संप

सोलापूरहून अक्कलकोट चाळीस किलोमीटर. गिअरच्या सायकलवर हे अंतर दोन-अडीच तासांत कापणारी, पायांत दम असलेली माणसं सोलापुरात आता ढिगानं आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना निम्म्या वाटेवर, वळसंगच्या टपरीवर, चहाचा कप मात्र धरता येत नाही. टपरीवाला कप पुढे करतो, सायकलस्वार हात पुढे करतो, कप हातात आल्याचं डोळ्यांना दिसतं पण बोटांना कळत नाही, आणि चहा बुटावर सांडतो. टपरीवाले आता शहाणे झालेत. हेल्मेट दिसलं की कप बाकावर ठेवतात आणि म्हणतात, "बोटं जागी झाली की घ्या."

त्यानंतरचा कार्यक्रम ठरलेला. पाच-सहा जण सायकली कडुलिंबाला टेकवून गोलात उभे राहतात आणि दोन्ही हात मनगटापासून झटकू लागतात. कुणी मुठी वळतो, कुणी बोटं मोडतो, कुणी करंगळी दुसऱ्या हातात घेऊन तिची विचारपूस करतो. स्वामींच्या दर्शनाला निघालेल्या जीपमधली मंडळी आपल्यालाच कुणीतरी हात करतंय असं समजून उलट हात करतात. एकदा तर एक वडाप करकचून ब्रेक लावून थांबली. "या, दोन सीटा हायत," ड्रायव्हर म्हणाला, "सायकली टपावर टाकू."

या गोलात हमखास एक साहेब असतात. त्यांचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक सायकल ग्रुपात असे एक साहेब असतातच. हे साहेब जुळे सोलापुरात राहतात आणि बँकेतून निवृत्त झाले आहेत. उमेदीची वर्षं कॅश काउंटरवर गेली. नोट मोजून झाली तरी ती सोडायची म्हणजे साहेबांच्या जिवावर यायचं. खातेदाराला पलीकडून हिसका द्यावा लागे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये देशभर सायकलींना अचानक मागणी आली, दुकानं रिकामी झाली, तेव्हा शेवटची उरलेली सायकल साहेबांनी अशीच घट्ट धरली आणि घरी आणली. किंमत घरी निम्मी सांगितली. उरलेली निम्मी अजून जाहीर झालेली नाही.

साहेबांचा हात पहिल्यांदा बधिर झाला तो डावा. इथेच घोटाळा झाला.

उजवा हात बधिर झाला असता तर कुणी लक्ष दिलं नसतं. डावा म्हटल्यावर टपरीवर तज्ज्ञांची समिती बसली. पूर्व भागात टॉवेलचे माग चालवणारे अण्णा म्हणाले, "गॅस आहे. काल रात्री काय खाल्लं?" प्राध्यापकांनी मानेवर बोट ठेवून "सर्व्हायकल" असा निकाल दिला. शाळेतल्या बाईंना बी-ट्वेल्व्हची शंका आली. टपरीवाल्यानं गाळणी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "डावा हात ना? घरी कळवलं का?"

या प्रश्नानंतर साहेबांना छातीतही काहीतरी वाटू लागलं. सायकल टेम्पोत, साहेब टेम्पोत, अण्णा धीर द्यायला टेम्पोत, अशी वरात सोलापुरात आली. ईसीजी निघाला. तो इतका निर्दोष होता की साहेबांना थोडं वाईट वाटलं. एवढा टेम्पो केला आणि काहीच नाही.

"छातीत दुखलं, दरदरून घाम फुटला, जबडा धरला, तर असंच पळत यायचं, वाट बघायची नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आता मला सांगा, बधिर कुठली बोटं झाली?"

"करंगळी. आणि तिच्या शेजारची अर्धी."

"अर्धी? आडवी का उभी?"

"उभी. करंगळीकडची बाजू."

डॉक्टरांचा चेहरा फुलला. दिवसभर सर्दी-पडसं तपासणाऱ्या माणसाला इतकं नेमकं लक्षण सांगणारा पेशंट क्वचित भेटतो.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मानेतून निघालेली एक नस, अल्नार तिचं नाव, दंडाच्या आतल्या बाजूनं येते, कोपराच्या मागून जाते आणि मनगटाशी करंगळीच्या अंगाला एका अरुंद बोळातून तळहातात शिरते. कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत करंट लागतो, तो हिचाच. कोपराशी ती हाडावर उघडी पडते, आणि मनगटाच्या बोळात तिच्यावर हँडलचा भार पडतो. त्या बोळाला 'गियोंची नळी' म्हणतात. फेलिक्स गियों या फ्रेंच सर्जननं १८६१ मध्ये तिचं वर्णन केलं. गियों खरे नावाजले ते मूत्ररोगांसाठी, पण जगभरचे सायकलवाले त्यांची आठवण काढतात ती मनगट चोळत. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची दुसरी अर्धी बाजू बधिर झाली असती तर दोष दुसऱ्या नसेचा, मीडियनचा. दोन नसांनी हात वाटून घेतलाय आणि हद्द अनामिकेच्या मधोमध आखली आहे. भावकीत इतकी सरळ वाटणी सोलापूर जिल्ह्यात कुठे झाल्याचं ऐकिवात नाही.

"म्हणजे हा नवीन आजार आहे का?" साहेबांनी आशेनं विचारलं. नवीन असता तर ग्रुपवर टाकायला बरा होता.

"१८९६ मध्ये देस्तो नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं सायकलवाल्यांच्या या लकव्यावर लिहून ठेवलंय. डनलॉपनं हवेचा टायर काढला १८८८ मध्ये. टायर येऊन आठ वर्षं झाली नाहीत तोवर लोकांनी हात बधिर करून घेतले होते."

डॉक्टरांनी एक कागद साहेबांच्या अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दिला आणि दुसरं टोक स्वतः ओढलं. ही फ्रोमां नावाच्या डॉक्टरांची खूण. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ मध्ये, त्यांनी ती वर्तमानपत्राचा कागद वापरून दाखवली. नस दुबळी असेल तर कागद धरून ठेवायला अंगठ्याचं टोक वाकवावं लागतं. शाबूत असेल तर अंगठा सरळ राहतो. साहेबांचा अंगठा सरळ राहिला. कागद मात्र फाटला. अर्धा डॉक्टरांकडे, अर्धा साहेबांकडे. तो ईसीजीचाच कागद होता.

"हाताला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "सायकलला सीट दिलीय, तुम्ही हँडलवर बसताय. भार हातावरून काढा, मनगट वाकवू नका, कोपरं सैल ठेवा, दर थोड्या वेळानं हाताची जागा बदला. आणि हँडल सैल धरा. बधिरपणा दोन-चार दिवसांत गेला नाही, शर्टाची बटणं लागेनात, किल्ली फिरवता येईना, तर सायकल बंद आणि नसेची तपासणी."

पाच सूचना, पाचही फुकट. इथेच साहेबांचा विश्वास उडाला. फुकटचा सल्ला खरा असता तर लोकांनी दुकानं कशाला काढली असती?

पुढचे काही आठवडे साहेबांनी खरेदीत घालवले. आधी जेल भरलेले हातमोजे आले. पडद्यावर दिसणाऱ्या शर्यतवीरांचे मोजे कातडीला चिकटलेले असतात म्हणून साहेबांनी एक नंबर लहान मागवले. ते चढवायला वहिनींची मदत लागायची, आणि मनगटाचा पट्टा साहेब स्वतः आवळायचे. वर घड्याळ, तेही घट्ट. मोज्यातलं जेल असं हवं की नसेच्या जागेवर भार येऊ नये आणि तो आजूबाजूला वाटला जावा. लहान मोज्यात ते सरकून नेमकं बोळाच्या तोंडावर आलं. आधी करंगळी वळसंगला झोपायची. आता कुंभारीलाच झोपू लागली.

"मोजे काम करायलेत," अण्णा म्हणाले, "पण उलटं."

अण्णांकडे स्वतःचा उपाय होता. सोलापूरचा टेरी टॉवेल परदेशांत जातो, हॉटेलांतून पाहुण्यांची अंगं पुसतो. मग हँडलला का चालू नये? त्यांनी कारखान्यातून निर्यातीच्या मालातले दोन नॅपकिन आणले आणि हँडलच्या दोन्ही टोकांना सुतळीनं घट्ट गुंडाळले. दिसायला गुबगुबीत, हाताला मऊ. पहिले काही किलोमीटर साहेब हवेत होते. पण एप्रिलचा सोलापूर. नऊ वाजता ऊन भाजतं, दुपारचा पारा बेचाळीस ओलांडतो. टेरी टॉवेलचा धर्म पाणी पिणे. त्यानं साहेबांचा सगळा घाम प्यायला, तो फुगला, घसरू लागला, आणि जाड झालेलं हँडल धरून ठेवायला साहेबांनी आणखी जोर लावला. आधी दोन बोटं झोपायची, आता दोन्ही हात कोपरापर्यंत झोपले.

"टॉवेल वाळवून परत लावा," अण्णांनी सुचवलं.

"रोज?"

"मग दोन जोड घ्या. तुम्हाला होलसेलनं लावतो."

तिसरा उपाय बार-एंडचा. सपाट हँडलच्या दोन्ही टोकांना ही शिंगं बसतात. कल्पना चांगली आहे: हात आडवा ठेवून कंटाळला की उभा धरता येतो, मनगटाचा कोन बदलतो, नसेला सुट्टी मिळते. रेसच्या वाकड्या हँडलवर तीन-चार ठिकाणी हात ठेवता येतो, सपाट हँडलवर एकाच. ती उणीव शिंगांनी भरून निघते. पण शिंगं लावलेली सायकल चाटी गल्लीतून नेऊ नये, हे कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नसतं. एका दुकानाबाहेर टांगलेल्या सोलापुरी चादरीत डावं शिंग अडकलं. दोरी तुटली, चादर साहेबांच्या डोक्यावरून खाली आली आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या जेकार्डी मोरांच्या आड साहेब काही अंतर आंधळेपणानं चालत राहिले. दुकानदार सज्जन. त्यानं आधी विचारलं, "लागलं नाही ना?" आणि मग, "पिशवीत देऊ का अशीच नेता?"

शेवटी सायकल चाचांकडे गेली. चाचांचं दुकान जुनं, बाहेर पंप आणि आत तीन पिढ्यांचे पाने. त्यांनी हँडलकडे बघितलंच नाही. सीटकडे बघितलं आणि विचारलं, "हे नाक खाली कुणी केलं?"

साहेब गप्प. ते नाक त्यांनीच खाली केलं होतं. त्याची एक वेगळी कथा आहे. सायकल नवी होती तेव्हा पहिल्यांदा जे दुखलं ते हात नव्हेत. जे दुखलं त्याविषयी ग्रुपवर कुणी उघड बोलत नाही. बाईही असतात ग्रुपवर. साहेबांनी रात्री दार लावून ॲलन-कीनं सीटचं पुढचं टोक खाली झुकवलं. आराम पडला. पण झुकलेल्या सीटवरून माणूस पुढे घसरतो, घसरू नये म्हणून हात ताठ करून हँडलवर रेटा देतो, आणि वरच्या अंगाचा सगळा भार त्या बोळातल्या नसेवर उतरतो. दुखणं गेलं नव्हतं, त्याची फक्त बदली झाली होती. खालच्या कार्यालयातून वरच्या.

चाचांनी शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याची पाणसळ मागवली, सीटवर आडवी फळी, फळीवर पाणसळ, आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत बोल्ट सैल-घट्ट केला. मग सीट थोडी मागे सरकवली. "टाच पॅडलवर ठेवा, पॅडल खाली, पाय सरळ झाला पाहिजे," म्हणत उंची बघितली. ब्रेकचे खटके आभाळाकडे बघत होते; ते खाली वळवले, म्हणजे बोटं ब्रेकवर गेली तरी मनगट हाताच्या रेषेत राहील. सगळ्यात शेवटी हँडल वर उचललं.

"एवढं वर?" साहेब कासावीस झाले. "चाचा, म्हाताऱ्याची सायकल दिसेल."

चाचांनी साहेबांकडे एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं. काही बोलले नाहीत. पैसेही थोडेच घेतले.

साहेबांनी घरी जाऊन हँडल पुन्हा खाली केलं. फोटोसाठी. फ्रान्समधल्या शर्यतीत पंचविशीतली पोरं पाठ जमिनीला समांतर करून बसतात, त्यांच्या पोटात स्नायू असतात आणि ते अंग तोलून धरतात. साहेबांच्या पोटात वेगळ्या गोष्टी होत्या, आणि त्यांचाही भार हातांवरच येत होता.

हे सगळं चालू असताना कुंभारीकडून एक दूधवाले मामा येतात. आता दूधवाले बहुतेक मोटारसायकलवर गेले, पण हे मामा अजून सायकलवर आहेत. काळी, चोवीस इंची, डबल दांडीची, मडगार्डचा खडखडाट एक फर्लांग आधी ऐकू येतो. दोन्ही बाजूला दुधाच्या किटल्या. हँडलची टोकं मागे, मामांच्या पोटाकडे वळलेली. पाठ ताठ, सगळा भार रुंद स्प्रिंगच्या सीटवर. डावा हात हँडलवर, उजवा कधी मोबाइलवर, कधी तंबाखूवर. १८७७ पासून सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजायचे; पुढे सायकली आल्यावर पाळीवर जाणारे कामगार याच घडणीच्या सायकलींवर डबा लटकवून जात. भोंगे कधीच थांबले. घडण टिकून आहे.

प्राध्यापकांनी एकदा अभ्यास म्हणून मामांना गाठलं. "मामा, रोज एवढं अंतर जाता, हाताला मुंग्या येतात का?"

मामांना प्रश्नच कळेना. "हाताला? हात कशाला लागतोय सायकलीला?"

आणि किटल्या वाजवत ते पुढे निघून गेले. साहेबांनी त्यांच्या सायकलची किंमत मनात आपल्या सायकलशी ताडून पाहिली आणि ती बेरीज-वजाबाकी कुणाला सांगितली नाही.

प्राध्यापक मात्र पेटले. त्यांनी वाचन सुरू केलं आणि रविवारी एक बातमी आणली. अमेरिकेत ६०० किलोमीटरच्या राइडच्या आधी आणि नंतर पंचवीस सायकलस्वारांचे हात तपासले. २००३ मध्ये तो अभ्यास छापून आला. पंचवीसपैकी तेवीस जणांना बधिरपणा, अशक्तपणा किंवा दोन्ही.

टपरीवर आनंदाची लाट आली. इतके दिवस ज्याची लाज वाटत होती ती पदवी निघाली. "म्हणजे आपण खरे सायकलिस्ट," साहेब म्हणाले. उरलेल्या दोघांविषयी ग्रुपचं मत वाईट झालं. त्यांनी नीट चालवलीच नसणार, असं अण्णांचं म्हणणं पडलं.

तिथून स्पर्धा लागली. २०० किलोमीटरची ब्रेव्हे नावाची राइड साडेतेरा तासांत पुरी करायची असते; ती करून आलेले दोघे आपली वेळ सांगत, आणि त्याखालोखाल बोटांचा हिशोब. "माझी करंगळी साठव्या किलोमीटरला गेली." "माझी चाळिसाव्यालाच." "माझी अजून आली नाही." नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू, हितेंद्र आणि महेंद्र, यांनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीनं नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली, नागपूरच्या डॉक्टर अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्यानं बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. टपरीवर या तिघांची नावं निघाली की दोन मिनिटं शांतता होते. तिघंही डॉक्टर, हा मुद्दा साहेबांना खुपतो. "त्यांना नस कुठनं जाते ते आधीच ठाऊक," ते म्हणतात.

त्याच शर्यतीतली दुसरी गोष्ट प्राध्यापकांनी सांगितली ती जरा जास्तच झाली. १९८३ मध्ये मायकेल शर्मर नावाच्या स्पर्धकाच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोकं वर धरवेना. तेव्हापासून लांबच्या शर्यतीतल्या या व्याधीला 'शर्मर्स नेक' हेच नाव पडलं.

"मग हो?" अण्णांनी विचारलं.

"हनुवटीला आधार द्यायचा."

"कशाचा?"

"हाताचा."

सगळ्यांनी आपापल्या हातांकडे बघितलं.

टायरमधल्या हवेचा विषय अण्णांच्या ड्रायव्हरनं सोडवला. साहेब दर शनिवारी रात्री टायर दगड करायचे. टायरच्या कडेला हवेचा जो सर्वांत मोठा आकडा छापलेला असतो, तिथपर्यंत पंप मारायचे. त्याहून कमी भरली तर छापलेल्या आकड्याचा अपमान होईल असं त्यांना वाटायचं. तो आकडा कमाल मर्यादेचा. कडक टायर रस्त्यावरची प्रत्येक खडी, काँक्रीटचा प्रत्येक सांधा, खोदून बुजवलेला प्रत्येक चर हँडलमार्गे थेट तळहातात पोचवतो. "टेम्पो रिकामा असला की आम्ही पण हवा थोडी कमी ठेवतो, साहेब," ड्रायव्हर म्हणाला, "न्हाई तर फुटबोर्ड गळून पडंल." साहेबांनी थोडी हवा सोडली. सोडताना त्यांना त्रास झाला, भरलेली हवा ती. पण हाताखालची गुणगुण खरंच कमी झाली, आणि चाचांचा फोन येऊन गेल्यावर हँडलही गुपचूप परत वर गेलं. फोटो आता चेहऱ्यापुरते काढतात.

राहिली पकड. ती सुटेना. चढ असो, उतार असो, साहेबांच्या बोटांची पेरं पांढरी. तुळजापूरच्या घाटात एकवेळ समजू शकतं. पण अक्कलकोट रोडच्या सपाटीवर, वारा नाही, गाडी नाही, समोर फक्त एक शेळी, तरी साहेब हँडल आवळून. शेवटी बाईंनी शाळेतला आवाज काढला.

"साहेब, कडक भाकरी कशी धरता?"

"कशी म्हणजे?"

"आवळून धरली तर?"

"तुकडे होतील."

"मग हँडल कडक भाकरी आहे असं समजा. आणि तुकडे झाले तर पगारातून कापीन."

ही मात्रा लागू पडली. साहेबांनी ग्रुपसाठी फोनवर दर दहा मिनिटांनी वाजणारी घंटा लावली. घंटा झाली की जागा बदलायची: हात ग्रिपवरून शिंगावर, शिंगावरून हँडलच्या मधल्या भागाकडे, कोपरं सैल, खांदे कानांपासून खाली. रस्ता मोकळा असेल तर एकेक हात काढून बाजूला हलवायचा, बोटं उघडायची-मिटायची. आधी उजवा, मग डावा. पहिल्या दिवशी घंटेला सहाही जणांनी एकदमच हात काढले आणि रस्त्याच्या कडेला बाजरीच्या शेतात सहा सायकलींचा ढीग झाला. त्यानंतर पाळ्या लावल्या.

अडचण वेगळीच उभी राहिली. सात रस्त्यापासून निघालेला माणूस दर दहा मिनिटांनी हसतमुखानं, हवेत हात उंचावून, बोटं पसरून पुढे जातो, असं सोलापुरात फक्त एकाच प्रकारचा माणूस करतो. आसरा चौकात भाजीवाल्यांनी उलट नमस्कार केला. होटगी रोडला एका रिक्षावाल्यानं विचारलं, "साहेब, कुठल्या प्रभागातून?" साहेबांना वाटलं राहण्याचं विचारतोय. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. संध्याकाळपर्यंत जुळे सोलापुरात पक्कं झालं की बँकवाले साहेब महापालिकेला उभे राहताहेत, चिन्ह सायकल, आणि प्रचार सुरूही झालाय. दोन माजी नगरसेवक घरी चहाला येऊन अंदाज घेऊन गेले. कोपऱ्यावरच्या बोर्डावर साहेबांचा हेल्मेटसकट फोटो लागला. खाली 'भावी' असं मोठ्या अक्षरात आणि शुभेच्छुकांमध्ये अण्णा.

"अण्णा, हे काय केलंत?"

"मी कुठं काय केलं? पोरांनी नाव विचारलं, दिलं. तुम्ही हात करायचं बंद करा की."

"हात केला नाही तर बधिर होतो ओ."

"मग उभेच रहा."

पुढच्याच आठवड्यात मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात उभी. दरवर्षी साहेब शंभरात मिटवतात. यंदा पावती आधीच लिहून आणलेली होती: पाचशे एक. "तुमचं नाव चाललंय सगळीकडं, साहेब," अध्यक्ष पोरगं म्हणालं, "शंभर बरं दिसंना झालं." साहेबांनी वाद घालून पाहिला. वहिनींनी आतून खाकरून दाखवलं. शेवटी साहेबांनी एकाचं नाणं चटकन दिलं आणि पाचशेची नोट अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून पुढे केली.

खजिनदार पोरानं ती धरली आणि ओढली. नोट आली नाही. पुन्हा ओढली. साहेबांचा अंगठा पेरातून तसूभरही वाकला नव्हता. नसा उत्तम चालू होत्या.

"काका, सोडा की," पोरगं काकुळतीला आलं.

"सोडली की," साहेब म्हणाले.

"न्हाई ओ सोडली."

"सोडा हो," आतून वहिनी ओरडल्या, "ईसीजी झाला तेवढा पुरे, आता नोट फाडू नका!"